विटेवर उभा, उभी, उभं

भाचीचा फोन आला तेव्हा मी पंढरीच्या वारीत होते, सासवडच्या मुक्कामी तंबूत पाय पसरून तळव्यांना खोबरेल चोळत बसले होते. पुणे ते सासवड हा ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या वाटेवरचा सगळ्यात लांबचा टप्पा, त्यात दिवेघाट. डाव्या टाचेवर बोराएवढा फोड आला होता आणि तो फोडावा की ठेवावा यावर तंबूत दोन तट पडले होते. भाची नऊ वर्षांची, जन्म अमेरिकेतला. मराठी बोलते, पण तिच्या मराठीत सगळं जग नपुंसकलिंगी आहे. बाबा ऑफिसला गेलं, आजी झोपलं. तिनं विचारलं, "आत्या, तू भेटायला चाललंय ते देव 'ही' आहे का 'शी'?"

मला हसूच फुटलं. इंग्रजीतला 'ही' म्हणजे बाप्या, आणि आपल्या कानाला 'ही' म्हणजे बाई. "विचारून सांगते," म्हटलं आणि फोन ठेवला.

मी मुद्रितशोधन करते. लिंग, वचन, विभक्ती यांवर माझं पोट चालतं. कर्ता पुल्लिंगी आणि क्रियापद स्त्रीलिंगी दिसलं की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. त्यामुळे पोरीचा प्रश्न माझ्या धंद्यातलाच होता. तरी इतकी वर्षं तो मला कधी पडला नव्हता, याची जरा लाज वाटली.

त्याच संध्याकाळी आरतीला उभी राहिले आणि पहिल्यांदाच शब्द ऐकू आले. लहानपणापासून पाठ असलेल्या गोष्टी आपण म्हणतो, ऐकत नाही. 'युगे अठ्ठावीस विटेवरी उभा'. इथं तो. 'वामांगी रखुमाई'. इथं ती. 'पुंडलिकाचे भेटी परब्रह्म आले गा'. इथं ते. आणि हे 'आले' आदरार्थी नाही बरं, ते नपुंसकलिंगी एकवचन आहे. 1962च्या शुद्धलेखन नियमांनी डोक्यावरचा अनुस्वार काढला नसता तर 'आलें' असं स्पष्ट दिसलं असतं. जो विटेवर उभा आहे तोच पुंडलिकाला भेटायला आला, आणि येताना तो 'ते' झाला. एका कडव्यात मराठीची तिन्ही लिंगं, आणि टाळ एक मात्राही चुकत नाही.

पाठोपाठ 'येई हो विठ्ठले माझे माउली ये'. विठ्ठले! अंबे, माये, तसं विठ्ठले. व्याकरणानं बघितलं तर हे बाईला हाक मारायचं रूप. आणि त्याच आरतीत पुढे पिवळा पीतांबर गगनात झळकतो नि गरुडावर बसून 'माझा कैवारी आला'. बोलावलं आईला, आला कैवारी. हे कुणी माझ्याकडे तपासायला दिलं असतं तर मी समासात प्रश्नचिन्ह काढलं असतं.

दुसऱ्या दिवशी जेजुरी. पालखीवर भंडारा उधळला गेला, सगळे पिवळे झालो. माझ्या डोक्यात मात्र तो 'ही-शी'च घोळत होता. खंडोबाला कुणी आई म्हणत नाही. तो मल्हारी, घोड्यावरचा, हातात तलवार, म्हाळसा आणि बाणाई अशा दोन बायकांचा धनी. त्याच्यापुढे नवस बोलतात, लंगर तोडतात; 'कुशीत घे' असं काही कुणी म्हणत नाही. मग विठ्ठलच आई कसा झाला? मला वाटतं, त्याच्या हातात शस्त्र नाही, हे एक कारण असावं. कोणाला मारलं, कोणत्या राक्षसाला गाडलं, अशी गोष्टही त्याच्या नावावर चिकटलेली नाही. तो नुसता उभा आहे. कमरेवर हात ठेवून, दारात, उशीर झालेल्या पोराची वाट बघत. हे माझं मत. आमच्या दिंडीच्या बुवांना सांगितलं तर ते म्हणाले, "माउली, भक्तीत तर्क नको," आणि गुळाचा खडा तोंडात टाकला.

माउली. ह्या शब्दाचं काय करायचं? वाटेवर सगळेच माउली. टँकरवाला माउली, धक्का देणारा माउली, "ओ माउली, चप्पल आमची हाय" म्हणून भांडणाराही माउली. बंदोबस्तावरचा मिशीवाला हवालदार शिट्टी तोंडातून काढून म्हणतो, "माउली, कडेनं चला." शब्द स्त्रीलिंगी, अर्थ आई, आणि ज्याच्यावरून तो वाटेवर आला ते ज्ञानदेव विशीच्या आसपास समाधी घेतलेले ब्रह्मचारी. पालखी उठताना कुणी 'माउली निघाली' म्हणतं, कुणी 'माउली निघाले'. दोन्ही बरोबर. आणि गंमत अशी की ज्यांना अवघी वारी आई म्हणते ते स्वतः अभंगाखाली सही करताना विठ्ठलाला बाप म्हणतात: 'बाप रखुमादेवीवरु'. बाप, वर, म्हणजे पुरुषपणाचा दुहेरी शिक्का. तेच ज्ञानदेव विरहिणी लिहायला बसले की स्वतः बाई होतात. चंदनाची चोळी अंगाला पोळते, असं लिहिणारा हा मुलगा संन्याशाचा!

आमच्या दिंडीत एक आक्का होत्या. माण तालुक्यातल्या, सत्तरीच्या, एकविसावी वारी. तुळस डोक्यावर, पण मान अशी ताठ की वाटावं तुळसच त्यांना धरून चाललीय. नीरेच्या पुलाअलीकडे आम्ही झाडाखाली टेकलो. पुढं दत्तघाटावर पादुकांचं स्नान चाललं होतं, गर्दीत आम्हाला दिसणं शक्यच नव्हतं. मी त्यांना विचारलं, "आक्का, विठोबा तुम्हाला तो वाटतो का ती?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की ऊन लागलंय का हिला.

"आमचं मालक गेलं तवा लई भांडली मी त्याच्याशी. मेल्या, मुडद्या, डोळं फुटलं व्हतं का तुझं, असं म्हनलं." तंबाखूची मिसरी लावलेलं बोट त्यांनी पदराला पुसलं. "आन थोरली बाळंतपणात अडली, दोन दिस, तवा आपसूक 'आई गं, विठाबाई गं' आलं तोंडात. आता तुजं तू बघ."

त्यावर मी काय बोलणार? पुढच्या दोन तासांत मात्र कान्होपात्रेचा अभंग डोक्यात फिरत राहिला. मंगळवेढ्याच्या गणिकेची ती मुलगी. बिदरच्या बादशहानं तिला आणायला माणसं पाठवली, अशी परंपरेनं चालत आलेली गोष्ट. 'नको देवराया अंत आता पाहू' असं ती सुरू करते. देवराया, म्हणजे राजा. तिच्यामागे राजाच लागलेला, तेव्हा दाद मागायची ती त्याहून मोठ्या राजाकडे. मग वाघानं धरलेलं हरिणीचं पाडस येतं. आणि मग 'जननी विठाबाई'. एवढ्या ओळींत तिनं देवाचा राजा सोडून आई केली. वाघाच्या तोंडातल्या पाडसाला राजा काय कामाचा, त्याला हरिणीच हवी. आक्कांनी कान्होपात्रा वाचली नसणार. ऐकली शंभरदा असेल.

लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण झालं. घोडा गेला, टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडाली. त्या रात्री तरडगावच्या मुक्कामी आमच्या तंबूत एक मुलगी कोपऱ्यात तोंड पाडून बसली होती. कॉलेजची, पहिली वारी. तिला अडचण आली होती. हरिपाठाला बसू का, आरतीला उभी राहू का, की उद्या ट्रकमध्ये सामानाबरोबर बसून जाऊ, असं ती कुजबुजत विचारत होती. एक काकू म्हणाल्या, "गोळी घ्यायचीस ना आधीच." आक्का भाकरीच्या पिशवीत हात घालून काहीतरी शोधत होत्या. जुन्या लुगड्याची स्वच्छ घडी काढली, तिच्या मांडीवर ठेवली.

"विठाई म्हंतीस ना त्याला? मग आईला ठावं नसतं व्हय?"

मुलीकडे पॅड होते, घडी लागली नाही. पण ती उठली आणि आरतीला मागच्या ओळीत उभी राहिली. सोयराबाईंनी 'देहासी विटाळ म्हणती सकळ' म्हणून हा हिशेब सातशे वर्षांपूर्वी मांडून ठेवलाय, तो आमच्या दिंडीपर्यंत तितकासा पोचलेला नाही. बुवांना कुणी विचारलं नाही, आम्ही सांगितलंही नाही.

इथं मला थोडं कडू बोलायचं आहे. फलटणच्या मुक्कामी कीर्तन झालं. कीर्तनकार तयारीचे, गळा गोड. विषय होता विठ्ठलाचं मातृत्व. 'तू माझी माउली मी वो तुझा तान्हा', हा नामदेवांचा अभंग. गाय आणि वासरू, हरिणी आणि पाडस, पक्षिणी आणि पिल्लू, एकेका दृष्टांतावर ते पंधरा-पंधरा मिनिटं थांबले. मंडपात पुरुषांचे डोळे पाणावले. आणि खऱ्या आया होत्या मंडपामागे, टँकरच्या नळाखाली, पाचशे ताटं राखेनं घासत. मीही त्यांच्यात होते, म्हणून मला कीर्तन अर्धंच ऐकू आलं. ताटांच्या आवाजात 'प्रेमपान्हा' एवढाच शब्द सारखा येत होता. आमच्या दिंडीत वीणा बाईच्या गळ्यात जात नाही. तुळस जाते, पाण्याचा हंडा जातो. देवाला आई म्हणायला पुरुषाला काही खर्च येत नाही, हे त्या रात्री भांडी विसळताना माझ्या ध्यानात आलं. शिवाय देव बाई झाला तर आईच होतो. नणंद, मैत्रीण, मोलकरीण, बिनलग्नाची आत्या असा कधी होत नाही.

पण हे लिहिलं आणि जनाबाई आडव्या आल्या. त्यांना फारशी आईची माया मिळालेली नव्हती, दासीचं जिणं. त्यांचा देव आई आहेच, 'ये गं ये गं विठाबाई' म्हणतात. पण तोच 'झाडलोट करी जनी, केर भरी चक्रपाणी'. चक्र हातात धरणारा सुपलीत केर भरतोय! इथं देवाचं लिंग बदललेलं नाही, कामं बदललीत. आणि 'लेकुरवाळा' हा शब्द. मराठीत लेकुरवाळी असते, कडेवर एक, बोटाला एक. लेकुरवाळा असा पुरुष मी तरी बघितला नव्हता. जनाबाईंनी तो घडवला: एकाला खांद्यावर घेतलेला, एकाचा हात धरलेला, एकाला कडेवर. माळशिरसच्या वाटेवर सबंध दिंडी पावसात हा अभंग म्हणत होती आणि पुढे एक गडी खरंच चालला होता. खांद्यावर पोरगी, प्लास्टिकच्या कागदाची खोळ दोघांना मिळून एक, आणि बायको टाळ वाजवत दोन ओळी पुढं. फोटो काढावासा वाटला, पण फोन पिशवीच्या तळाशी होता.

वेळापूरला धावा झाला. टाचेमुळे मी धावले नाही. वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र आल्या. मुक्ताईंची पालखी जळगावकडून, म्हणजे ज्ञानदेवांच्या भावंडांत सगळ्यांत लांबून येते. धाकटी बहीण सर्वांत जास्त चालते, यावर आक्का म्हणाल्या, "आसंच आसतंय."

पंढरपुरात पदस्पर्शाची रांग कुठल्या कुठे गेली होती. आक्कांनी रांगेचा विचारही केला नाही. चंद्रभागेत बुडी, नामदेव पायरीवर डोकं, कळसाला हात जोडले, झाली वारी. मी म्हटलं, "आक्का, इतकं चालून तोंड नाही बघायचं?" त्या म्हणाल्या, "तिकडं रखुमाईकडं रांग कमी आसंल का बघ." आरतीतली रखुमाई वामांगी आहे, देवळात ती शेजारी नाही, मागं तिचं वेगळं देऊळ. रुसून दिंडीरवनात आली ती आली, तो समजूत काढायला मागोमाग आला, असं सांगतात. तिला सगळे आई म्हणतातच, पण तिच्यासाठी तीन आठवडे कुणी चालत येत नाही. रखुमाईचीही रांग कमी नव्हती. आम्ही दोघी चहा प्यायला गेलो.

टपरीवर भाचीचा फोन आला. तिकडे सकाळ असावी, मागं मिक्सरचा आवाज होता.

"आत्या, पोचलंस? देव भेटलं का?"

एरवी मी लगेच टोकते. पोचलीस म्हण, भेटला म्हण. तोंड उघडलं आणि पुढचा शब्द काही ठरेना.

"नाही गं. रांग खूप मोठी आहे. कळस दिसला."

"मग ते बाहेर येत नाही का?"

मी प्रश्न आक्कांना सांगितला. त्यांनी बशीतला चहा संपवला, फोन माझ्या हातातून घेतला, उलटा धरला, आणि शक्य तितक्या मोठ्या आवाजात अमेरिकेला म्हणाल्या, "माउली, जेवलीस का?"