निम्म्यावर आलेली रेघ

एका अहवालासाठी काढलेल्या युगांडाच्या आलेखात केळी निम्म्यावर आली होती आणि आलेखाखालची ओळही लिहून तयार होती: ‘मर रोगाने देशाच्या ताटातली केळी निम्मी केली.’ आकडे तपासून संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा, एवढंच माझ्याकडे होतं. त्या दिवसाला आता दोन वर्षं झाली. मी बरोबर केलं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी अन्नाच्या आकडेवारीवर काम करते. देश किती खातो हे कुणीतरी मोजत असेल असं लोकांना वाटतं. जागतिक तक्त्यांसाठी तसं कुणी मोजत नाही. ताळेबंद मांडतात. उत्पादनात आयात मिळवायची. त्यातून निर्यात, बियाणं, जनावरांचं खाद्य, नासाडी आणि दारूकडे गेलेला माल वजा करायचा. जे उरेल ते लोकांनी खाल्लं असं धरायचं आणि लोकसंख्येने भागायचं. गहू-तांदळात गोदामातला साठा मध्ये असतो, तो थोडी चूक पोटात घेतो. केळीला साठाच नाही. उत्पादनाचा आकडा चुकला की तो थेट माणसाच्या ताटात जाऊन पडतो.

युगांडात तर हे ताट म्हणजेच केळी. मातोके म्हणतात त्याला. हिरवी केळी सोलायची, केळीच्या पानात गुंडाळून मंद आचेवर वाफवायची आणि पानावरूनच दाबून मऊ करायची. मध्य आणि नैऋत्य युगांडात हे झालं नाही तर माणूस जेवलोच नाही म्हणतो. जागतिक तक्त्यांत मातोके ‘प्लँटेन’ या केळीच्या वेगळ्या गटाच्या रांगेत बसवलं आहे. खरं प्लँटेन म्हणजे तिथला भाजून खायचा गोंजा. मातोकेचा गट वेगळा. आणि आपल्या केरळातली नेंद्रन प्लँटेन असूनही भारताची झाडून सगळी केळी ‘केळी’ या एकाच रांगेत. देशादेशांची तुलना करणारे हे बघतही नाहीत, याचा मला दर वेळी त्रास होतो.

आलेखाकडे पाहताच मनात पाल चुकचुकली. मी रावेरकडची, केळीच्याच घरातली. आमच्याकडे करपा आला, हरण्या रोग आला. हरण्यात वडिलांनी खोडं उपटून बांधावर टाकली, ते मी पाहिलंय. रोग शेतागणिक पसरतो. या वर्षी या शिवारात, पुढच्या वर्षी ओढ्यापलीकडे. अख्ख्या देशाची बाग एका पावसाळ्यात निम्मी होत नाही. झालीच, तर बाजारात हाहाकार उडतो.

मग फाइलच उकलली. तीन ठिकाणचे आकडे एकाखाली एक चिकटवले होते. १९६१ पासूनचा अन्न व कृषी संघटनेचा जुना ताळेबंद २०१३ ला संपतो. नव्या पद्धतीचा २०१० पासून सुरू होतो. ही दोन मापं सांधून एक रेघ काढायची नसते. ते कमी म्हणून मधल्या काही वर्षांत देशाच्या सांख्यिकी ब्युरोचे आकडे बसवले होते. रेघ कोसळत होती ती बरोबर त्या सांध्यावर.

कारण सापडायला दुपार झाली. युगांडात १९९०-९१ नंतर थेट २००८-०९ ला कृषी गणना झाली. मधली वर्षं जिल्ह्यांच्या अंदाजावर निघाली. अंदाज तरी कसा करायचा? केळीची बाग वर्षभर घड देते. तिच्यातच कॉफी, तिच्यातच घेवडा. घरचा घड घरीच शिजतो, काट्यावर चढत नाही. शेतकरी घड मोजतो, किलो नाही, आणि घड दहा किलोचाही असतो, तिसाचाही. गणनेआधी वर्षाचं उत्पादन ९० लाख टनांच्या वर लिहिलं जात होतं. गणनेत ते ४० लाखांच्या आसपास भरलं.

मी साधा भागाकार केला. २००२ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या २ कोटी ४२ लाख होती. ९० लाख टन म्हणजे डोई वर्षाला ३७० किलो. साल आणि दांडा धरून रोज एक किलो. त्यात तान्ही मुलं आली आणि उत्तरेतली माणसंही आली, जी नाचणी, ज्वारीवर जगतात. तेवढं कुणी खात नव्हतं. बाग निम्मी झाली नव्हती. मोजणी बदलली होती.

कंपालातल्या सहकारी बाईंना फोन लावला. त्या वर्षांत बाजारात मातोके मिळेनासं झालं होतं का, असं विचारलं. महाग झालं, पण ट्रक येत होते, म्हणाल्या. नैऋत्येतल्या मबरारा, बुशेन्यी, इसिंगिरोकडून. मध्य भागातल्या बागा सोंडकिडा, करपा आणि थकलेल्या मातीमुळे आधीच मागे पडल्या होत्या. केळी कित्येक वर्षांपासून नैऋत्येकडे सरकत होती. थोडं थांबून त्या म्हणाल्या, “पण रोग खोटा नाही हं. माझ्या मावशीची बाग गेली.”

मावशी मुकोनोकडच्या. जिवाणूंमुळे होणारा हा मर रोग युगांडात पहिल्यांदा सापडला तो तिथेच, २००१ साली. पानं पिवळी पडून वाळतात, घड अवेळी पिकतो, खोड कापलं की पिवळसर चिकट द्राव पाझरतो आणि आतलं फळ तपकिरी निघतं. कीटक तो केळफुलावरून नेतात, माणूस कोयत्यावरून. म्हणून केळफूल कोयत्याने छाटू नका, बेचक्याच्या काठीने मोडा आणि अवजार जाळावर धरा, असं घरोघरी शिकवावं लागलं. मावशींना ते कळेपर्यंत बागेत पोरासारखी जपलेली खोडं गेली होती.

संध्याकाळी मी नकार कळवला, कारणासकट. प्रकल्पप्रमुखांनी वाद घातला नाही. त्यांनी अहवालातून आलेख वगळला आणि त्याच्याबरोबर रोगाचं अख्खं पानही वगळलं. आलेख नसेल तर पान कशाला, असं त्यांचं म्हणणं. आमच्या धंद्यातली ही खोड मला सहन होत नाही: रेघ दिसली तरच दुःख खरं. पण त्या संध्याकाळी मी हे बोलले नाही. आकडा दुरुस्त झाला यातच मी समाधानी होते. रेघेशिवायचं पान मी लिहून देऊ शकले असते. मुकोनोचं, कोयत्याचं, नैऋत्येकडे सरकलेल्या बागांचं. एका रात्रीचं काम होतं.

अहवाल छापून झाल्यावर बाईंचा निरोप आला: आमच्या रोगाबद्दल काय लिहिलंत? मी खरं ते कळवलं. उत्तरात त्यांनी मावशींच्या शेताचा फोटो पाठवला. घरामागे मका, कडेला घेवडा आणि कुंपणाशी केळीचं एकच खोड. खाली लिहिलं होतं, हे पानांसाठी ठेवलंय, विकत आणलेलं मातोके गुंडाळायला.