११ टक्क्यांची फाईल: कापसाच्या आयातशुल्कामागचं लॉबिंग

१ फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पापर्यंत परदेशी रुई (सरकी काढलेला कापूस) आपल्याकडे विनाशुल्क येत होती. त्या दिवशी तिच्यावर ५ टक्के मूळ सीमाशुल्क आणि ५ टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर लागला, आणि दोहोंच्या बेरजेवर १० टक्के समाजकल्याण अधिभार. एकूण ११ टक्के. तेव्हापासून सूतगिरण्यांच्या संघटना ते काढा म्हणून आणि शेतकरी संघटना ते राहू द्या म्हणून सरकारदरबारी खेटे घालत आहेत. एप्रिल २०२२ मध्ये शुल्क तात्पुरतं उठलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये फक्त ३२ मिलिमीटरपेक्षा लांब धाग्याच्या रुईवरचं गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा सगळंच तात्पुरतं उठलं. उद्योगसंघटना सरकारकडून व्यापारधोरण कसं बदलून घेतात हे समजून घ्यायला याहून सोयीचं उदाहरण मला तरी दिसत नाही, कारण इथे वाद एका आकड्याचा आणि काही तारखांचा आहे.

आधी आकडा. रुईचा व्यवहार खंडीत होतो आणि खंडी म्हणजे ३५६ किलो. समजा, आयात रुई खंडीला ५५,००० रुपयांना पडते. ११ टक्के म्हणजे ६,०५० रुपये, किलोमागे १७ रुपये. सूत काढताना साधारण १५ टक्के घट धरली तर किलोभर सुतावर २० रुपयांचा बोजा. २०० ग्रॅम सूत लागणाऱ्या टी-शर्टवर ४ रुपये. आता उलट्या दिशेने जाऊ. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी. ३४ गुणिले १७, म्हणजे ५७८ रुपये. २०२५-२६ साठी केंद्राने कापसाचा हमीभाव क्विंटलला ५८९ रुपयांनी वाढवला होता (मध्यम धागा ७,७१०, लांब धागा ८,११०). म्हणजे गिरणीवाला जे ११ टक्के ‘टी-शर्टमागे ४ रुपये, पण बांगलादेश-व्हिएतनामपुढे तेवढ्यानेच ऑर्डर जाते’ असं मांडतो, तेच शेतकऱ्याच्या बाजूने मांडलं तर वर्षभराच्या हमीभाववाढीएवढं होतं.

दोन्ही हिशेब खरे आहेत. पण दोन्ही अर्धे आहेत, कारण शुल्क उठलं म्हणून भाव तेवढाच उतरतो असं नाही. आयातीचा भाव अधिक शुल्क हे देशी भावावरचं छप्पर असतं; भाव छपराला टेकला असेल तरच ते खाली आणल्याचा परिणाम होतो. एप्रिल २०२२ मध्ये शुल्क उठलं आणि मे महिन्यात रुई खंडीला लाखाच्या वर गेली, कारण तेव्हा जगाचाच भाव चढा होता.

मंत्रालयात टिकणारं निवेदन या गणितावर उभं असतं, आणि ते सहसा दोन पानांच्या वर जात नाही. त्यात काय लागतं? मालाचा टॅरिफ शीर्षक क्रमांक: रुईचा ५२०१, रुईच्या टाकाऊचा ५२०२, पिंजलेल्या-विंचरलेल्या रुईचा ५२०३. नुसतं ‘कापसावरचं शुल्क काढा’ लिहिलं तर यातलं नेमकं काय, हा प्रश्न घेऊन कागद परत येतो. सध्याचा दर, मागितलेला दर आणि किती काळासाठी. देशातली पुरवठ्याची स्थिती: हंगामाच्या सुरुवातीचा साठा, पीक, आयात, खप, निर्यात, शेवटचा साठा, सगळं १७० किलोच्या गाठींत. आणि बहुतेक संघटना जे विसरतात ते, म्हणजे सरकारचा महसूल किती बुडेल. १० लाख गाठी शुल्क भरून येणार असतील तर १७ कोटी किलो गुणिले १७ रुपये, म्हणजे २८९ कोटी. हा आकडा संघटनेने दिला नाही तर अर्थखात्यातला अधिकारी तो स्वतः काढतो, आणि तेव्हा तो मोठाच निघतो. कारण निर्यातदार आगाऊ परवान्यावर, म्हणजे अॅडव्हान्स ऑथरायझेशनवर, शुल्क न भरता आणत असलेला माल वजा करायचं त्याला काही कारण नसतं.

हा आगाऊ परवाना म्हणजे गिरण्यांच्या मागणीतली सगळ्यात दुखरी जागा. ‘निर्यातीसाठी रुई हवी ना? मग परवान्यावर आणा, शुल्क लागतच नाही,’ हा सरकारचा ठरलेला प्रश्न असतो. त्याचं उत्तर तयार नसलं की बैठक तिथेच संपते. उत्तर असं आहे: परवान्यावर आणलेल्या मालापोटी साधारण १८ महिन्यांत निर्यात करून दाखवावी लागते. ते स्वतः सूत विकणाऱ्या मोठ्या गिरणीला जमतं. पण तिरुपूरचा छोटा कपडेवाला सूत बाजारातून घेतो. त्याला रुई आणायची नसते, स्वस्त सूत हवं असतं. शुल्कमाफी सरसकट असेल तरच ती त्याच्यापर्यंत पोचते. हे उत्तर चांगलं आहे, पण ते कपडेवाल्याने दिलं तर. गिरणीवाल्याने दिलं की ते सोयीचं वाटतं.

म्हणून टेबलाभोवती कोण बसलंय हे महत्त्वाचं. दिल्लीत सिटी, म्हणजे भारतीय वस्त्रोद्योग महासंघ. कोइम्बतूरला दक्षिण भारतीय गिरण्यांची सिमा. मुंबईत सुती मालाच्या निर्यातीची टेक्सप्रोसिल आणि कॉटन ग्रीनला कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया. शिवाय तयार कपड्यांची एईपीसी आणि तिरुपूरच्या निर्यातदारांची स्वतंत्र संघटना. यांत टेक्सप्रोसिल आणि एईपीसी या निर्यात प्रोत्साहन परिषदा, सरकारच्याच आशीर्वादाने उभ्या राहिलेल्या. परदेशी प्रदर्शनांना सरकारी साहाय्य त्यांच्यामार्फत येतं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. त्यामुळे त्यांची पत्रं ‘आभारी आहोत, तथापि’ या सुरात असतात. कडक भाषा हवी असते तेव्हा ती सिमासारख्या सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संघटनेकडून येते. हे वाटून घेतलेलं असतं असं नाही, पण उपयोगी पडतं. फिक्की, सीआयआयसारख्या छत्रसंघटना इथे फारशा कामाच्या नाहीत: सूत विकणारा आणि सूत घेणारा दोघेही त्यांचे सभासद, त्यामुळे मसुदा कुणालाच न दुखावणारा होऊन बसतो.

इचलकरंजी, मालेगाव आणि भिवंडीचा यंत्रमागवाला या टेबलाशी क्वचितच असतो. माग लाखांनी, मालक विखुरलेले, आकडे काढून देणारा माणूस पगारावर ठेवायची ऐपत नाही. त्यांचं म्हणणं आमदार-खासदारांमार्फत जातं आणि त्यात वीजदर, व्याज अनुदान आणि सूतदर एकाच कागदावर असतात. तीन खात्यांच्या तीन मागण्या एका पत्रात म्हणजे ते पत्र तीन ठिकाणी पोचपावतीपुरतं फिरणार.

कागदाची वाट अशी. संघटना वस्त्रोद्योग मंत्रालयाला लिहिते. मंत्रालय पटलं तर आपली शिफारस अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाला पाठवतं, आणि तिथे टॅक्स रिसर्च युनिट, टीआरयू, फाईल हातात घेतं. कृषी मंत्रालयाचं मत मागवलं जातं. सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम २५ खाली ‘सार्वजनिक हितासाठी’ सूट द्यायला संसदेत मतदान लागत नाही. अर्थमंत्र्यांची मंजुरी आणि राजपत्रातली अधिसूचना पुरते. म्हणूनच सगळे तात्पुरत्या सुटीच्या मागे लागतात. कायमचा दर बदलायचा तर अर्थसंकल्पाची वाट पाहावी लागते. सूट कोणत्याही मंगळवारी निघू शकते.

खासदारांचा खरा उपयोग दुसरीकडे होतो. संसदेत तारांकित-अतारांकित प्रश्न लागला की मंत्रालयाला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि त्यातला आयातीचा किंवा उत्पादनाचा आकडा मग सरकारी आकडा म्हणून पुढच्या निवेदनात वापरता येतो. व्यापाऱ्यांचा पीकअंदाज आणि सरकारी समितीचा अंदाज दर वर्षी वेगळे असतात. आपल्या सोयीचा निवडायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण टीआरयूसमोर दोन्ही ठेवून फरकाचं कारण सांगणाऱ्याचं वजन जास्त.

आता तारखा. १४ एप्रिल २०२२ ला सूट मिळाली तेव्हा बहुतेक शेतकऱ्यांचा कापूस विकला गेला होता. विरोध झाला, पण धार नव्हती; मूळची ३० सप्टेंबरची मुदत पुढे ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढलीही. २०२५ चं चित्र वेगळं. भारतीय मालावर अमेरिकेचं ५० टक्के शुल्क २७ ऑगस्टपासून लागू होणार हे ठरलं होतं, आणि १९ ऑगस्टपासून ३० सप्टेंबरपर्यंत कापसावर सूट जाहीर झाली. वाचायला दिलासा, वापरायला जवळजवळ शून्य. ब्राझील किंवा पश्चिम आफ्रिकेतून नव्याने मागवलेला माल बंदरात यायला दीड-दोन महिने लागतात, आणि दर ठरतो तो जहाज निघालं त्या दिवशीचा नाही, तर आपल्या बंदरात बिल ऑफ एंट्री, म्हणजे सीमाशुल्क खात्याकडे आयात मालाचा कागद, दाखल होतं त्या दिवशीचा. (तो कागद जहाज लागण्याआधीच दाखल केला असेल तर जहाज लागल्या दिवशीचा.) त्यामुळे ती सूट ज्यांचा माल समुद्रात होता किंवा बंदराजवळच्या बाँडेड गोदामात शुल्क न भरता पडून होता, त्यांच्याच कामी आली असती. जाणकार आयातदार सुटीची चाहूल लागली की माल बाँडमध्ये ठेवून वाट पाहतात ते यासाठीच.

संघटनांनी लगेच मुदतवाढ मागितली आणि २८ ऑगस्टला, अमेरिकी शुल्क लागू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, ती ३१ डिसेंबरपर्यंत मिळाली. माझ्या मते खरा निर्णय हा दुसरा होता. पहिल्या सुटीने विदर्भ-मराठवाड्यातल्या नव्या पिकाला धक्का नव्हता. दुसरीने पहिली-दुसरी वेचणी पूर्ण झाकली. संयुक्त किसान मोर्चाने विरोध केला, पण त्याचा रोख ‘शुल्क परत लावा’ यावर होता. कापूस महामंडळाने, सीसीआयने, आपल्याकडच्या गाठींचे दर पहिल्याच आठवड्यात उतरवले होते. २०२४-२५ च्या हंगामात सीसीआयने सुमारे १०० लाख गाठी हमीभावाने घेतल्या होत्या. देशी भाव हमीभावाखाली असताना आयात मोकळी करणं म्हणजे एका खात्याने सोडलेला महसूल आणि दुसऱ्या खात्याने खरेदीत अडकवलेला पैसा, असा दुहेरी खर्च. हे गणित निवेदनात घातलं असतं तर अर्थखात्याला त्याचं उत्तर शोधावं लागलं असतं. निषेधाला उत्तर लागत नाही.

कृषी खात्याला वगळून केलेलं लॉबिंग कसं उलटतं हे २०१२ ने दाखवलं. गिरण्यांना स्वस्त रुई हवी होती आणि ५ मार्चला डीजीएफटीने, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाने, कापूस निर्यातीवर एकदम बंदी घातली. वाणिज्य आणि वस्त्रोद्योग ही दोन्ही खाती तेव्हा आनंद शर्मांकडेच, त्यामुळे आतला रस्ता सोपा होता. कृषिमंत्री शरद पवारांनी आपल्याला विचारलंच नाही असं उघड सांगितलं, पंतप्रधानांकडे गेले. गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदींनीही विरोध केला. आठवड्याभरात बंदी मागे. एकमेकांच्या विरोधातल्या पक्षांतले दोन नेते एका बाजूला आणण्याची किमया कापसानेच करावी! त्यानंतर ‘कृषी मंत्रालयाचं मत घेतलं आहे’ ही ओळ फाईलवर असणं गिरणीवाल्यांनाही हवंसं वाटू लागलं असेल तर नवल नाही.

उद्योगाची स्वतःची फूट हा दुसरा धोका. २०२१-२२ मध्ये रुई महागली तेव्हा गिरण्या शुल्क काढा म्हणत होत्या आणि तिरुपूरचे कपडेवाले सुताची निर्यात आवरा म्हणत होते. एकाच साखळीतली दोन परस्परविरोधी पत्रं मंत्रालयात पोचली की अधिकारी सुटतो: ‘आधी तुमच्यात एकमत करा.’ याउलट पॉलिएस्टरच्या कच्च्या मालावर, पीटीएवर, असलेलं अँटी-डम्पिंग शुल्क (पडत्या भावाने येणाऱ्या परदेशी मालावरचं जादा शुल्क) २०२० च्या अर्थसंकल्पात गेलं, कारण पीटीए वापरणारे एका सुरात बोलत होते आणि शुल्क हवं म्हणणारे उत्पादक मूठभर होते.

आपल्याकडे लॉबिंगची नोंदवही नाही. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने कोणी कुणासाठी किती खर्च केला हे जाहीर करावं लागतं. इथे माग काढायचा तर संसदेतली उत्तरं, संघटनांची स्वतःची आभारपत्रकं आणि माहिती अधिकारातून मिळाल्या तर फाईलवरच्या टिपा. आभारपत्रकं दुर्लक्षित राहतात, पण वाचण्यासारखी असतात. निर्णयानंतर चोवीस तासांत कोणी कुणाचे आभार मानले यावरून फाईल कुठून गेली ते बऱ्याचदा कळतं.

शेतकरी संघटनांनी मागायला हवी ती गोष्ट ‘शुल्क हवं’ यापेक्षा बारीक आहे: बाजारसमित्यांतला सरासरी भाव हमीभावाखाली असेल तर ऑक्टोबर ते जानेवारी सूट नाही, आणि द्यायचीच तर गाठींचा कोटा ठरवून. कोट्याची पद्धत सरकारला नवी नाही. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या, डिसेंबर २०२२ पासून लागू असलेल्या करारात ५१,००० टन रुई विनाशुल्क येते, म्हणजे ३ लाख गाठी. हे सगळं एका पानावर मावतं. अडचण वेळापत्रकाची आहे. अर्थसंकल्पासाठी व्यापार-उद्योगाच्या सूचना महसूल विभाग साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मागवतो, आणि त्याच आठवड्यांत यवतमाळ-अकोल्याकडे वेचणीला मजूर मिळत नाहीत म्हणून घरातलं प्रत्येक माणूस शेतात असतं.