घेतलेले पाणी आणि परत गेलेले पाणी

आमच्या सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत रखवालदार रोज सकाळी सहा वाजता खुणा केलेली बांबूची काठी सोडतात आणि पाणी किती फूट आहे ते वहीत लिहितात. गेल्या वर्षी ती वही समोर ठेवून दहा वर्षांनंतर आपल्याला किती पाणी लागेल याचा हिशेब मी मांडला. माणसे गुणिले लिटर, एवढेच करायचे आहे असे वाटले होते. परंतु रिकाम्या सदनिका, उन्हाळ्यातला वाढीव वापर आणि कित्येक महिने गळत राहिलेला एक व्हॉल्व्ह यांमुळे तो हिशेब कुठेच जुळेना. तेव्हापासून संपूर्ण खोऱ्याच्या भावी वापराचे अंदाज मी अधिक बारकाईने वाचू लागलो.

पुण्यापुरते बोलायचे तर सुरुवातीचा आकडाच पक्का नाही. 2011 च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत सुमारे 31 लाख लोक होते. 2021 ची जनगणना झालीच नाही, आणि मधल्या काळात 2017 मध्ये 11 व 2021 मध्ये 23 गावे हद्दीत आली. उद्याची लोकसंख्या 50 लाख धरली, तर माणशी रोज 135 लिटरने वर्षाला सुमारे 8.7 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी लागते आणि 250 लिटरने 16 टीएमसीच्या वर. माणसे तीच, फरक मात्र सात टीएमसीहून जास्त. पुण्याला पाणी देणाऱ्या टेमघर आणि खडकवासला या दोन्ही धरणांचा उपयुक्त साठा एकत्र केला तरी तो सहा टीएमसीपर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच माणशी लिटरचा आकडा कोणी, कशाच्या आधारावर धरला, हे मी सर्वांत आधी पाहतो. त्यात गळती मिळवलेली असेल, तर आपण पुढच्या पिढीच्या नावावर आजची गळतीच लिहून ठेवत असतो.

याहून महत्त्वाचा प्रश्न ‘वापर’ म्हणजे काय हा आहे. पुण्याच्या नद्या ज्यात येतात त्या कृष्णा खोऱ्याचे पाणी राज्यांत वाटण्यासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने 75 टक्के विश्वासार्हतेचे, म्हणजे चारपैकी तीन वर्षे मिळेल असे, 2060 टीएमसी पाणी धरून महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700 आणि आंध्र प्रदेशाला 800 टीएमसी दिले. त्याच निवाड्यात घरगुती व नागरी पुरवठ्यासाठी उचललेल्या पाण्यापैकी केवळ 20 टक्के, तर उद्योगांसाठी उचललेल्या पाण्यापैकी 2.5 टक्के पाणी वापरले गेले असे मोजण्याची रीत घालून दिली आहे. शहराचे बहुतेक पाणी सांडपाण्याच्या रूपाने नदीत परतते, हा त्यामागचा विचार राज्याराज्यांमधील हिशेबापुरता योग्यच आहे.

पण दौंड किंवा इंदापूरच्या कालव्यावरील शेतकऱ्याला हा हिशेब लागू पडत नाही. त्याचा उजवा कालवा खडकवासल्याहून निघतो आणि शहराने घेतलेले पाणी मुळा-मुठेत परतते ते धरणाच्या खाली. ते पुढे भीमेतून उजनी धरणात जाते. त्याच्या आवर्तनातून, म्हणजे कालव्याच्या पाण्याच्या पाळीतून, मात्र शंभर टक्के वजा झालेले असते. एकच लिटर उजनीच्या वहीत जमेला आणि खडकवासल्याच्या वहीत पूर्ण खर्चाला पडतो, आणि जमेला पडलेला तो लिटर शुद्ध केलेला नसेल तर त्याला जमा म्हणणेसुद्धा मला पटत नाही. पुण्यातल्या मुंढव्याहून प्रक्रिया केलेले पाणी उचलून शेतीकडे जाणाऱ्या ‘बेबी’ नावाच्या कालव्यात सोडण्याची योजना म्हणूनच मोलाची आहे, कारण तिच्यामुळे परतलेले पाणी पुन्हा शेतकऱ्याच्या बांधापर्यंत जाऊ शकते.

उसाचे क्षेत्र आणि उजनीच्या पसरट जलाशयावरील बाष्पीभवन यांचे हिशेब स्वतंत्रपणे मांडावे लागतील. शिवाय सामायिक खोऱ्यात केलेला अंदाज हा हळूहळू हक्काचा दावा बनतो. शहर आपली मागणी थोडी चढी लिहिते, कालव्याखालचा लाभक्षेत्राचा भाग तेच करतो, आणि ती सगळी बेरीज नदीपेक्षा मोठी होते. त्यामुळे प्रत्येक अंदाजात किती उचलणार, किती संपणार आणि किती, कुठे व कोणत्या गुणवत्तेचे परत देणार, हे तीन आकडे कमी व जास्त अशा दोन्ही टोकांसह लिहिणे बंधनकारक असावे, असे माझे ठाम मत आहे.

आमच्या वहीत सध्या पहिलाच आकडा आहे. सांडपाणी शुद्धीकरण संचाच्या बाहेर जाणाऱ्या नळावर मीटर बसवण्याचा ठराव मी येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे.