देयकातला शिक्षण कर आणि चौथीच्या वर्गातले वाचन

दरवर्षी एप्रिलमध्ये मिळकतकराचे देयक घरी येते आणि सवलतीची मुदत संपण्यापूर्वी मी ते भरून टाकते. सहकारी बँकेच्या लेखा विभागात तीस वर्षे काढल्यामुळे कोणताही कागद भरण्यापूर्वी त्यातली ओळ न् ओळ वाचण्याची सवय अंगात मुरलेली आहे. सर्वसाधारण कर, पाणीपट्टी, मलनिःसारण, वृक्षकर या ओळी संपल्या की शिक्षण कराच्या दोन ओळी येतात, एक महापालिकेची आणि दुसरी राज्य शासनाची. पहिल्या ओळीतले पैसे महापालिकेकडे राहतात. दुसरा कर १९६२ च्या कायद्याने आलेला असून महापालिका तो केवळ वसूल करते आणि राज्याकडे जमा करते. दोन्ही रकमा माझ्या घराच्या करयोग्य मूल्यावर ठरतात. माझी मुले शाळेत जातात की नाही, गेली तर कोणत्या शाळेत जातात, याच्याशी त्यांचा काही संबंध नसतो. तसा तो नसावा, हेही मला मान्य आहे.

आमच्या गल्लीच्या टोकाला, चालत दहा मिनिटांवर, महापालिकेची मराठी शाळा आहे. आमच्या इमारतीतले एकही मूल तिथे जात नाही, माझी दोन्ही मुलेही गेली नाहीत. सव्वीस वर्षे या शाळेसाठी कर भरूनही मी तिच्या फाटकाच्या आत मतदान करण्यापलीकडे कधी पाऊल टाकले नव्हते, याची मला खंत वाटते. आमच्यासारख्या घरांनी कर भरत राहायचे आणि मुले दुसरीकडे पाठवायची, आणि ज्यांची मुले त्या शाळेत आहेत त्या घरांना दिवसाची मजुरी बुडवून कार्यालयात जाब विचारायला जाणे परवडायचे नाही, अशी ही रचना आहे. पैसे देणारे आणि शाळा वापरणारे एकमेकांना ओळखत नसतील, तर हिशेब कोण मागणार, हा प्रश्न मला निवृत्तीनंतरच नीट दिसला.

दोन वर्षांपूर्वी मुख्याध्यापिका बाईंची परवानगी घेऊन मी शनिवारी सकाळी तासभर चौथीच्या मुलांबरोबर वाचायला बसू लागले. पहिल्याच शनिवारी एका मुलीने धडा घडाघडा म्हणून दाखवला. मला कौतुक वाटले, म्हणून मी पान उलटले आणि दुसऱ्या धड्यातला परिच्छेद पुढे केला, तर ती थांबली. पहिला धडा तिला पाठ होता. नव्या परिच्छेदात ती अक्षराअक्षरावर बोट ठेवून जात होती. काना आणि वेलांटीपर्यंत निभावत होते, पण ‘रस्त्यावर’ या शब्दातल्या जोडाक्षराशी ती अडली आणि माझ्याकडे बघत राहिली. त्या वर्गातली निम्म्याहून अधिक मुले त्या दिवशी अशीच अडली. मुले हुशार आहेत, बाजारातला हिशेब तोंडी करतात, घरी धाकट्यांना सांभाळतात. त्यांना वाचता येत नव्हते, कारण त्यांच्याजवळ बसून रोज थोडा वेळ वाचून घ्यायला कोणी मोकळे नव्हते. तिसरी आणि चौथी मिळून एकच बाई होत्या आणि त्यांच्याकडे मतदार याद्यांचे कामही होते. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्याच बाहेरच्या कामांना जुंपता येते, परंतु एवढ्यातूनही किती शालेय दिवस वजा होतात ते त्या वर्गात बसल्याशिवाय कळत नाही. उरलेल्या वेळात ऑनलाइन माहिती भरणे, छायाचित्रे पाठवणे आणि वरून आलेल्या लिंका त्याच दिवशी पूर्ण करणे चालू असते.

त्याच वर्षी शाळेला नवे प्रवेशद्वार झाले. आवारात सिमेंटचे ठोकळे बसवले, भिंतींवर चित्रे आली, दोन वर्गांत डिजिटल फलक लागले. यातले प्रत्येक काम चांगलेच आहे, मुलांना सुंदर शाळा मिळालीच पाहिजे, आणि गरिबाच्या मुलाला गळके छप्पर चालते असे म्हणणाऱ्यांत मी नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या प्रत्येक कामाची निविदा निघते, मोजमाप पुस्तकात नोंद होते, अंतिम देयक मंजूर होते आणि लेखापरीक्षण होते. ठोकळे किती चौरस मीटर बसले ते महापालिकेला दोन दशांश स्थळांपर्यंत ठाऊक आहे. त्याच शाळेतल्या चौथीच्या किती मुलांना अनोळखी परिच्छेद वाचता येतो, याची मात्र नोंदवही नाही.

मी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला. मागितले ते एवढेच : आमच्या प्रभागातील प्रत्येक शाळेवर मागील तीन वर्षांत वेतन, इमारत, साहित्य आणि इतर असा किती खर्च झाला, आणि त्या शाळांतील मुलांच्या वाचनाच्या व गणिताच्या चाचण्यांचे शाळानिहाय निष्कर्ष काय आहेत. तीस दिवसांच्या मुदतीत उत्तर आले हे मी आवर्जून सांगते. उत्तर होते, ‘शाळानिहाय माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.’ संपूर्ण शिक्षण विभागाचा एकत्रित खर्च मात्र अर्थसंकल्पाच्या पुस्तकात होता, आणि चाचण्यांचे गुण एका पोर्टलवर भरलेले होते, जे नागरिकांना पाहता येत नाही. बँकेच्या एखाद्या शाखाधिकाऱ्याने शाखानिहाय ताळेबंद उपलब्ध नसल्याचे कळवले असते, तर दुसऱ्या दिवशी तपासणी पथक दारात उभे राहिले असते.

आकडे मागताना त्यांचा अर्थ लावण्याची जबाबदारीही आपलीच असते. करदात्यांच्या चर्चेत ‘एका मुलामागे एवढे लाख खर्च होतात’ असे वाक्य हमखास येते आणि मग शाळा बंद करण्याची मागणी होते. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा शिक्षण अर्थसंकल्प ३,९५५ कोटी रुपयांच्या घरात होता. हा आकडा ऐकून छाती दडपते, पण मराठी, हिंदी, उर्दू, गुजरातीपासून तमिळ, तेलुगू, कन्नडपर्यंत आठ माध्यमांच्या शाळा चालवण्याचा तो खर्च आहे, आणि अशा कोणत्याही अर्थसंकल्पात वेतनाचा वाटा सर्वांत मोठा असतो. तो असायलाच हवा, कारण शाळा म्हणजे मुळात शिक्षक. शिवाय पट घसरला की दर मुलामागचा खर्च आपोआप फुगतो. समजा, एखाद्या शाळेवर वर्षाला ऐंशी लाख खर्च होतात आणि पट ४०० वरून २०० वर आला, तर दर मुलामागचा खर्च वीस हजारांवरून चाळीस हजारांवर जातो. एक रुपयाही जास्त खर्च झालेला नसतो आणि शिकवणे सुधारलेलेही नसते. अशा आकड्याचा आधार घेऊन शाळेला कुलूप लावणे हा हिशेबाचा गैरवापर आहे.

मात्र सरकारला दर मुलामागचा खर्च काढता येत नाही, हे मी मान्य करणार नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांत २५ टक्के जागांवर प्रवेश मिळालेल्या मुलांची शुल्क प्रतिपूर्ती सरकारने करायची असते, आणि ती सरकारचा स्वतःचा दर मुलामागचा खर्च किंवा शाळेचे प्रत्यक्ष शुल्क यांपैकी जे कमी असेल तेवढीच द्यायची असते. महाराष्ट्रात अनेक वर्षे ही रक्कम १७,६७० रुपये ठरवलेली आहे. म्हणजे खासगी शाळेला पैसे देण्याची वेळ आली की राज्याला एका मुलाचा खर्च रुपयापर्यंत सांगता येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून, सरकारी वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खासगी शाळांना या प्रवेशांतून वगळले आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. जवळची सरकारी शाळा पुरेशी चांगली आहे असे सरकारला वाटत असेल, तर ते दाखवणारी शाळानिहाय माहिती लोकांपुढे ठेवणे हाच सरळ मार्ग होता.

पैसा वाया कसा जातो याचे अलीकडचे उदाहरण गणवेशाचे आहे. पूर्वी दोन गणवेशांसाठी दर विद्यार्थ्यामागे सहाशे रुपये शाळा व्यवस्थापन समितीकडे येत. समिती जवळच्या दुकानातून कापड किंवा तयार गणवेश घेई, शिंपी मुलांची मापे घेई, एखाद्या मुलाचा सदरा लांडा झाला तर तो दुसऱ्या दिवशी परत नेता येई. सहाशे रुपयांत फार उत्तम कापड मिळत नसे, पण कोणी घेतले आणि कोणाला विचारायचे हे प्रत्येक आईला ठाऊक असे. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य एक गणवेश’ म्हणून कापडाची खरेदी राज्य पातळीवर झाली आणि एका गणवेशाची शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे दिली गेली. जूनमध्ये शाळा उघडल्या, स्वातंत्र्यदिन आला, तरी राज्यभरातील असंख्य मुले जुन्याच कपड्यांत झेंड्यापुढे उभी होती. पुढे जे गणवेश पोहोचले त्यांत मापांचा मेळ नसल्याच्या तक्रारी आल्या. बचत गटातल्या स्त्रियांचा यात काही दोष मला दिसत नाही. त्यांच्याकडे कापड उशिरा आले आणि मुले न पाहता मापे ठरलेली होती. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने हा निर्णय मागे घेऊन गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना दिले. चूक मान्य करून ती एका वर्षात सुधारली, याचे श्रेय द्यायला हवे. परंतु लाखो मुलांचे एक वर्ष आणि आपल्या करातून आलेला पैसा खर्ची पडल्यावर जे कळले, ते कोणत्याही शाळेतल्या चार पालकांना बैठकीत विचारले असते तरी कळले असते.

करदात्याने शाळेचा हिशेब मागणे ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही. १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्याचा गाभा हाच आहे. सरकारचा महसूल बव्हंशी शेतकऱ्याच्या श्रमातून येतो आणि त्यातला शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, असे त्यांनी स्पष्ट मांडले आणि बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. मला त्यातला तपशील अधिक मोलाचा वाटतो. शिक्षकाला किमान बारा रुपये पगार असावा, तपासनीस वर्षातून एकदा येऊन काही उपयोग नाही, तपासणी निदान तीन महिन्यांनी व्हावी आणि शाळांना अधूनमधून पूर्वसूचना न देता भेट द्यावी, असे त्यांनी सुचवले होते. पैसा कोणाकडून येतो, कोणावर खर्च होतो आणि त्यातून वर्गात काय घडते, हे तिन्ही प्रश्न त्यांनी एकत्र विचारले. आपण मात्र ते वेगळे करून ठेवले. अर्थसंकल्पाच्या दिवशी पहिला विचारतो, निवडणुकीत दुसरा, आणि तिसरा कोणीच विचारत नाही.

त्यातच गेल्या काही वर्षांत राज्यातील बहुतेक महापालिकांत लोकप्रतिनिधीच नव्हते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतरचे अर्थसंकल्प प्रशासकांनी मंजूर केले. आमच्या शहरातही तसेच झाले. नगरसेवकांबद्दल कोणाचे काहीही मत असो, सर्वसाधारण सभेत शाळेचा प्रश्न निदान मोठ्याने उच्चारला तरी जाई आणि त्याचे इतिवृत्त राहत असे. त्या काळात कर नियमित वसूल होत राहिला, पण त्याविषयी जाब विचारण्याची जागाच उरली नव्हती.

माझी मागणी फार मोठी नाही. वाचनाची चाचणी घ्यायला यंत्रणा लागत नाही. मुंबईच्या वस्त्यांतून सुरू झालेली प्रथम ही संस्था २००५ पासून देशभर ग्रामीण मुलांचे जे सर्वेक्षण करते, त्यात मुलाच्या हातात एक कागद दिला जातो : अक्षरे, शब्द, छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. पाचवीच्या ज्या मुलांना ती गोष्ट वाचता येते त्यांचे देशपातळीवरचे प्रमाण २०१८ मध्ये ५०.५ टक्के होते, करोनानंतर २०२२ मध्ये ते ४२.८ पर्यंत घसरले आणि २०२४ मध्ये ४८.८ पर्यंत सावरले. एका कागदावर देशाची स्थिती मोजता येत असेल, तर आमच्या गल्लीच्या टोकावरच्या शाळेची का मोजता येऊ नये? वर्षातून तीनदा हे मोजावे आणि त्या शाळेच्या खर्चाशेजारी शाळेच्याच सूचना फलकावर लावावे. शिक्षकाला शिक्षा करण्यासाठी ते वापरू नये, कारण तसे झाले की आकडे खोटे येऊ लागतील. एका बाईंकडे दोन वर्ग आहेत आणि वाचन अडले आहे, हे एकाच कागदावर दिसले, तर ठोकळ्यांचे पैसे आधी कुठे जायला हवे होते हे कोणालाही सांगावे लागणार नाही.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया ठेवल्या आहेत, ते योग्यच आहे. माझ्यासारखीला तिथे मत नाही, पण अध्यक्षा ताईंनी मला बसू दिले. त्या घरकाम करतात, आणि बैठक दुपारी तीनला असल्यामुळे त्या दिवशीची दोन घरे त्यांनी सोडली होती. विषयपत्रिकेवर तीन विषय होते : मागील इतिवृत्त कायम करणे, स्वच्छतागृहाची दुरुस्ती आणि संयुक्त शाळा अनुदानातून करावयाची खरेदी. १०१ ते २५० पटाच्या शाळेला हे अनुदान वर्षाला पन्नास हजार मिळते, आमच्या १८० मुलांत वाटले तर एका मुलाच्या वाट्याला २७८ रुपये येतात. त्यातून गोष्टींची पुस्तके घ्यावीत, असे एका आईने सुचवले. दुसरीने विचारले की माझ्या मुलाला ती वाचता येतील का. मुख्याध्यापिका बाई क्षणभर थांबल्या, मग त्यांनी रजिस्टर पुढे ओढले आणि ‘इयत्ता तिसरी व चौथीच्या विद्यार्थ्यांची वाचन स्थिती’ असा चौथा विषय आपल्या हाताने लिहिला. पुढच्या बैठकीत त्याखाली आकडा भरायचा आहे. शनिवारी आम्ही दोघी एकेका मुलाला जवळ बसवून तो मोजणार आहोत.