नंदा नांदायला निघते तेव्हा

"तिथल्या बायका देवीला निरोप देताना खरंच रडतात का हो, की तो नुसता रिवाज?" मी काही वर्षं उत्तराखंडात, चमोली जिल्ह्यात राहिले हे कळलं की हा प्रश्न येतोच. कोणीतरी डोली उचलतानाचा व्हिडिओ पाहिलेला असतो. परवा हळदीकुंकवाला तुम्हीही विचारलंत आणि चपला घालता घालता मी "खरंच रडतात" एवढंच म्हणून निघाले. ते उत्तर मलाच अपुरं वाटत राहिलं, म्हणून नीट लिहिते.

गढवालची नंदा ही आधी लेक आहे, मग देवी. हिमालयाच्या घरची मुलगी, शंकराला दिलेली. तिचं सासर म्हणजे वर दिसणारं त्रिशूल आणि नंदाघुंटीचं बर्फ, आणि माहेर म्हणजे खालची सगळी गावं. माहेराला तिथे 'मैत' म्हणतात आणि सासरला 'सौरास'. दरवर्षी पावसाळ्याच्या शेवटी कुरूड गावातून तिच्या डोल्या निघतात. त्यातली बधाण भागाची डोली गावोगाव मुक्काम करत वाण या शेवटच्या गावी येते आणि तिथून बेदिनी बुग्यालवर चढते. बुग्याल म्हणजे झाडांची हद्द संपल्यावर लागणारं उंचावरचं कुरण. पूजा झाली की देवी सासरी गेली असं मानतात. डोली मात्र परत फिरते आणि पुढचे सहा महिने देवराडा गावात, म्हणजे नंदाच्या आजोळी, राहते.

आपल्याकडे मुलगी सासरी 'नांदायला' जाते. हा शब्द मी जन्मभर वापरला, पण नंदाची डोली समोरून जाईपर्यंत त्यातला 'नंद' मला कधी ऐकूच आला नव्हता.

आता तिथीचं पाहा. बेदिनीची पूजा नंदाष्टमीच्या सुमारास, म्हणजे भाद्रपद शुद्ध सप्तमी-अष्टमीला. आपल्या ज्येष्ठा गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात आणि मूळावर जातात. बहुतेक वर्षी हे सगळं अष्टमीच्या एक-दोन दिवस मागेपुढेच पडतं. म्हणजे ज्या आठवड्यात आपण उंबऱ्यापासून कुंकवाची पावलं उमटवत "गौर आली सोन्याच्या पावलांनी" म्हणत लेकीला घरात घेतो, त्याच आठवड्यात तिकडे लेकीला घराबाहेर काढायची वेळ आलेली असते. आपला जीव येण्यात गुंतलेला, त्यांचा जाण्यात. तिकडच्या रडण्याची सुरुवात मला इथे दिसते.

मी पहिल्यांदा हे पाहिलं ते लोहाजंगच्या अलीकडच्या एका गावात. ज्यांच्या घरी मी राहत होते त्या बाईंना मी दीदी म्हणायचे, त्या मला भुली म्हणायच्या. भुली म्हणजे धाकटी बहीण. डोली यायच्या आदल्या दिवशी घरात अरसे करायचे होते. रात्री भिजवलेले तांदूळ उपसून ओलसर असतानाच दोघी जणी उखळात आळीपाळीनं मुसळ मारत होत्या. पीठ चाळलं, गुळाचा पाक केला, त्यात पीठ घालून घोटलं, हातावर थापून मोहरीच्या तेलात सोडलं. मी बघतच राहिले. अहो, हे तर अनारसे! आपण तांदूळ तीन दिवस भिजवतो, गूळ मिसळून पीठ मुरू देतो, खसखशीवर थापतो आणि तुपात एकाच बाजूनं तळतो. त्यांचा अरसा दोन्ही बाजूंनी तळलेला, जाड, तपकिरी आणि महिनाभर टिकणारा. लेक सासरी परत निघाली की तिच्यासोबत रिंगाळाच्या, म्हणजे बारीक पहाडी बांबूच्या, टोपलीत हे अरसे आणि रोट द्यायचे असतात. त्याला 'कल्यो' म्हणतात. रिकाम्या हातानं लेक पाठवायची नाही. नंदालाही नाही.

दुसऱ्या दिवशी ढोल-दमाऊ वाजत डोली आली. रात्रभर जागर गायले गेले. त्यात नंदाचं जन्मणं, लग्न, सासरचं एकटेपण सगळं येतं. सकाळी बायका आपापली 'समूण', म्हणजे आठवणीची भेट, घेऊन उभ्या होत्या: बांगड्या, टिकल्या, चुनरी, मक्याची कणसं, पोहे, आणि काकड्या. पहाडी काकडी चांगली हातभर लांब आणि जाडजूड असते. एका म्हातारीनं ती पदराला पुसपुसून डोलीच्या कपड्यात सरकवली आणि डोलीच्या कानाशी बोलल्यासारखं काहीतरी पुटपुटली. मी दीदीला विचारलं, काय म्हणाली? दीदी म्हणाली, "वरती पाणी नाही, तहान लागली तर खा, असं सांगतेय."

मग ढोलाची चाल बदलली आणि डोली उठली. तीन-चार बायकांनी डोलीचा दांडा धरून ठेवला, सोडेचनात. पुरुषांनी जोर लावायचा सोडून तसंच थांबायचं, असा तिथला संकेत आहे. दीदी हुंदके देत होती. रिवाज म्हणून असं रडता येत नाही, हे मी शपथेवर सांगते.

ती कोणासाठी रडत होती? गढवाली भाषेत 'खुद' असा एक शब्द आहे. माहेराच्या आठवणीनं जीव कासावीस होणं म्हणजे खुद, आणि त्यावरची गाणी म्हणजे 'खुदेड' गीतं. चैतात घुघुती पक्षी बोलायला लागला की सासुरवाशिणींना खुद लागते. उचकीला 'बाडुली' म्हणतात, आणि ती लागली की मैतला कोणीतरी आठवण काढतंय असं समजतात, अगदी आपल्यासारखंच. दीदी दोन डोंगर पलीकडून आलेली. लग्न झालं तेव्हा तिकडे रस्ता नव्हता, दिवसभराची वाट होती. गवत, लाकडं, पाणी, शेत हे सगळं बायकांच्याच पाठीवर. त्यात माहेरी जायला सवड कुठली? वर्षातून एकदा गावातली प्रत्येक बाई जिच्यासाठी उघडपणे रडू शकते ती नंदा.

पण एवढंच म्हटलं तर तुम्ही हळहळाल आणि विषय संपेल. त्यापलीकडे एक गोष्ट आहे आणि मला तीच सांगायची आहे. गावातून लग्न होऊन गेलेल्या लेकीला तिथे 'ध्याण' म्हणतात आणि ध्याणीचा मैतवर हक्क असतो. तिला विसरलात, सणाला बोलावलं नाहीत, ती दुखावली, तर तिचा 'दोष' लागतो अशी पक्की समजूत आहे. नंदाची मोठी यात्रा, राजजात, कशी सुरू झाली याच्या कथेतही हेच येतं: माहेरच्यांना लेकीचा विसर पडला आणि मुलखावर तिचा दोष आला. म्हणून परंपरेनं बारा वर्षांतून एकदा नौटी गावाहून ही यात्रा निघते. मागची 2014 साली निघाली. ती खरं तर 2013 ची, पण केदारनाथच्या प्रलयामुळे पुढे ढकललेली. सुमारे 280 किलोमीटर पायी, जवळजवळ वीस दिवस. पुढे चार शिंगांचा मेंढा, पाठीवर देवीच्या भेटींची ओझी घेतलेला. वाणला तिचा भाऊ लाटू तिच्या सोबत निघतो, आपला पाठराखा म्हणा ना. रूपकुंडावरून, ज्युरागलीच्या खिंडीतून होमकुंडला पोचल्यावर मेंढ्याला मोकळं सोडतात आणि तो एकटा बर्फाकडे चालू लागतो.

पूर्वीच्या रूढीत वाणच्या पुढे बायकांना जायला मनाई होती. गाणी त्यांची, कल्यो त्यांचा, रडणं त्यांचं आणि शेवटची वाट मात्र पुरुषांची! हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. आता बायका जातात, याचा मला मनापासून आनंद आहे.

या मैत शब्दातून एक सुंदर रीतही निघाली. ग्वालदमला शिकवणाऱ्या कल्याणसिंह रावत यांनी 1995 च्या सुमारास 'मैती' चळवळ सुरू केली. लग्नाच्या दिवशी नवरा-नवरी मुलीच्या माहेरी एक झाड लावतात, आणि ती गेल्यावर माहेरचे ते वाढवतात. दीदीच्या पुतणीचं झाड मी पाहिलंय. तिची आई त्याला पाणी घालताना लेकीच्या नावानं हाक मारते.

डोली गेली त्या संध्याकाळी आम्ही चुलीपाशी बसलो होतो. दीदीनं विचारलं, "तुझ्या मैतला कोण आहे, भुली?" आई-वडील गेले, भाऊ आहे, म्हटलं. "बोलावतो?" मी सांगितलं, गौरी त्याच्याकडेच बसतात, पण बरीच वर्षं मला जमलेलं नाही. ती काही बोलली नाही. उठली, डबा उघडला, सात-आठ अरसे वर्तमानपत्रात बांधले आणि माझ्या पिशवीत ठेवले.

पुढच्या भाद्रपदात मी भावाकडे गेले. तेव्हापासून दरवर्षी जाते. गौरींच्या फराळात वहिनीच्या अनारशांशेजारी मी केलेले जाडसर अरसे असतात. तुम्हीही या यंदा, चाखून बघा.