देवच नाही तर नरकात पाठवतं कोण?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ऑफिसात डब्यात कांदा का नाही हे एकदा विचारून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला, तुम्हा जैनांत जग चालवणारा कर्ता देव नाही म्हणता मग नरकात पाठवतं कोण?

कोणीच नाही. यमराज नाही, चित्रगुप्ताची वही नाही. जिवंतपणीच आपले भाव जसे तसं पुढचं आयुकर्म (पुढच्या जन्माचं आयुष्य ठरवणारं कर्म) बांधलं जातं आणि मेल्यावर जीव आपला आपण तिकडे जातो. भादव्यात दशलक्षण पर्वात आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, तत्त्वार्थसूत्र या ग्रंथाचा रोज एक अध्याय होतो, तिसऱ्या दिवशी नरक. रत्नप्रभेपासून महातमःप्रभेपर्यंत एकाखाली एक सात भूमी, त्यांत राहायची बिळं एकूण 84 लाख, वर उष्णता आणि अगदी खाली थंडी. तिथले जीव एकमेकांनाच छळतात (तिसऱ्या नरकापर्यंत असुर येऊन आणखी चिथावतात), शरीराचे तुकडे झाले तरी पाऱ्यासारखे परत जुळतात आणि आयुष्य संपेपर्यंत मरणही नाही. पहिल्या नरकात कमीत कमी 10,000 वर्षं, सातव्यात जास्तीत जास्त 33 सागर, आणि सागर हे काळाचं माप म्हणजे किती वर्षं ते मोजायला गेलं तर डोकंच बंद पडतं. पण संपतं हो! कायमचा नरक आमच्यात नाही.

राजा श्रेणिकाचंच घ्या. मुनींच्या गळ्यात मेलेला साप टाकला आणि सातव्या नरकाचं आयुष्य बांधून बसला. पुढे महावीरांचा एवढा मोठा भक्त झाला तरी नरक चुकला नाही, फक्त 33 सागराचं 84,000 वर्षांवर आलं. आत्ता तो पहिल्या नरकात आहे आणि तिथून निघून येणाऱ्या चोवीस तीर्थंकरांतला पहिला होणार. नरकातला माणूस आमचा होणारा भगवान, हे सांगितलं की समोरचा गप्पच होतो.

लहानपणी मला भीती मात्र तांदूळ माशाची वाटायची. महामत्स्याच्या कानात राहणारा तांदळाएवढा मासा, त्याच्या तोंडातून बारके मासे सुटून जाताना बघून नुसता मनात म्हणतो, मी असतो तर एकालाही सोडलं नसतं. एकही मासा न खाता सातवा नरक!! परीक्षेत दुसऱ्याचे मार्क कमी यावेत असं वाटलं की मला तोच आठवायचा.

आणि सूत्रात नरकायूचं कारण दिलंय बहु आरंभ आणि बहु परिग्रह, म्हणजे जिवांना त्रास होईल असे भरमसाट उद्योग आणि भरमसाट साठा. आमच्याकडं बहुतेक जैन शेतकरी, नांगर घातला की किडामुंगी मरणारच. आजोबांना विचारलं तर म्हणाले, 'आधी बहु वाच की रं.' पण ऊस पेटवून तोडायला त्यांनी कधी दिला नाही. ऊसतोड टोळी अडून बसली की वरची खुशाली (जादा पैसे) द्यायचे, आणि टोळीवाले पैसे मोजत म्हणायचे, म्हातारा खुळा हाय.