चित्र नीट आहे, तरी बोलत का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, सगळी डिजिटल. त्यामुळे शिकणारी मंडळी आपापलं काम दाखवतात आणि प्रश्न फिरून फिरून तोच येतो: 'अ‍ॅनाटॉमी बऱ्यापैकी जमते, रंगही जमतात, पण चित्रातून गोष्ट काही पोचत नाही. सराव नेमका कशाचा करू?' पाठोपाठ ब्रश कोणता, अ‍ॅप कोणतं, टॅबलेट केवढा, हेही असतं. त्याचं उत्तर लगेच देऊन टाकते. कडक कडेचा एक गोल ब्रश आणि थोडा खरखरीत पोताचा एक, एवढ्यावर माझं बहुतेक काम होतं. अ‍ॅप तुमच्याकडे आहे तेच चालेल. मला बोलायचंय ते पहिल्या प्रश्नाबद्दल.

अशा चित्रांमध्ये हात क्वचितच कमी पडलेला असतो. कमी पडतं ते ठरवणं. चित्रात कोण आहे हे ठरलेलं असतं, कुठे आहे हेही. पण या घटकेला काय घडतंय आणि ते चित्रातल्या कुणाला माहीत आहे, हे काढणाऱ्यानं स्वतःला विचारलेलंच नसतं. मग मुलगी सुरेख, खोली सुरेख, आणि मुलगी खोलीत नुसती उभी.

एक उदाहरण घेऊ. गोष्टीत वाक्य आहे: 'आजोबांचं हरवलेलं घड्याळ मीराला सापडलं.' कुणालाही आधी सुचतं ते असं: मीरा, हातात घड्याळ, चेहऱ्यावर हसू. यात चुकीचं काही नाही, पण वाक्यात होतं तेवढंच हे चित्र सांगतं. वाक्य वाचून झालेल्या मुलानं त्यात आणखी काय बघायचं?

आता तो क्षण थोडा मागे सरकवा. आजोबा गुडघ्यांवर बसून कपाटाखाली हात घालताहेत, मीरा दाराशी आहे, आणि घड्याळ पलंगाच्या पायामागे पडलंय. ते फक्त वाचणाऱ्याला दिसतंय. किंवा क्षण पुढे सरकवा. आजोबा अजून शोधताहेत, त्यांची पाठ आपल्याकडे. त्यांच्यामागे मीरा उभी, तिचीही पाठ आपल्याकडेच. हात पाठीशी धरलेले, आणि बंद मुठीतून घड्याळाचा पट्टा लोंबतोय. तिचा चेहरा जवळजवळ दिसतच नाही. मान जराशी वळलेली असल्यामुळे गालाचा फक्त वर आलेला उंचवटा दिसतो. हसणाऱ्या माणसाचा गाल मागूनही ओळखू येतो. वाक्य तेच, माणसं तीच, पण आता वाचणाऱ्याला आजोबांपेक्षा जास्त माहीत आहे. पुढचं पान तो उलटणारच.

माझ्या मते गोष्ट सांगणाऱ्या चित्राचा अर्ध्याहून जास्त अभ्यास इथेच आहे. कुणाला काय माहीत आहे, आणि वाचणाऱ्याला त्यातलं किती दाखवायचं. एखादं वाक्य घ्या आणि त्याच्या आधीचे, नंतरचे, बाजूचे क्षण शब्दांत लिहून काढा. स्टायलस हातात घ्यायच्या आधी. चित्रकारांना लिहायचा कंटाळा असतो हे मला माहीत आहे, तरी सांगते.

हा विचार जुना आहे. जर्मन लेखक लेसिंग यानं 1766 मध्ये मांडलं होतं की कवीला काळ उलगडत नेता येतो, चित्रकाराच्या हाती मात्र एकच क्षण असतो. म्हणून तो क्षण कळसाचा नसावा, कारण कळसानंतर बघणाऱ्याच्या कल्पनेला पुढे जायला जागा उरत नाही. त्यानं उदाहरण दिलं ते टिमोमाकस या प्राचीन चित्रकाराच्या मीडियाचं. मीडिया म्हणजे ग्रीक पुराणकथेतली, स्वतःच्याच मुलांना मारणारी आई. मुलांचा जीव घेतानाची मीडिया टिमोमाकसनं रंगवली नाही. रंगवली ती त्याच्या आधीची, माया आणि संताप यांच्या ओढाताणीत सापडलेली. मला हे मोठ्यांच्या चित्रांसाठी फार पटतं. लहान मुलांच्या पुस्तकात मात्र कधी कधी कोणीतरी धपकन पडलेलं दाखवायलाच लागतं, तिथे कळस टाळला तर मुलं हिरमुसतात.

आणि चित्राच्या हाती एकच क्षण असतो, हेही सगळीकडे खरं नाही. सांचीच्या पश्चिम तोरणावर महाकपी जातक, म्हणजे बुद्धाच्या वानरजन्माची गोष्ट, कोरलंय, इसवीसनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचं. त्यात वानरराजा आपल्या कळपाला पार जाता यावं म्हणून नदीवर आडवा पसरून स्वतःच पूल झालाय. आणि त्याच चौकटीत तोच वानरराजा झाडाखाली बसून राजाशी बोलतोय. मधे रेघ नाही, वेगळी चौकट नाही. तरी बघणाऱ्याला कळतं, कारण जागा तीच आहे आणि पात्र ओळखू येतं. दोन पानांवर पसरलेलं चित्र करताना ही युक्ती मी आजही वापरते: एकच मूल डावीकडे पायऱ्या चढतंय, मधे कठड्यावर वाकलंय, उजवीकडे घसरत खाली येतंय. अट एकच, पात्राची बाह्याकृती इतकी पक्की हवी की चेहरा झाकला तरी ते ओळखता आलं पाहिजे.

क्षण ठरला की थंबनेल, म्हणजे अगदी छोटं कच्चं चित्र. बोटाच्या पेराएवढ्या चौकटी, तीनच छटा: एक काळपट, एक मधला करडा, एक पांढरा. रेषा नको. ब्रश मोठा ठेवा आणि झूम करायचं नाही. झूम ही डिजिटल चित्रकाराला लागलेली सगळ्यात वाईट सवय. चारशे टक्क्यांवर पापण्या रंगवण्यात संध्याकाळ जाते आणि अख्खं चित्र पाहिलं तर आजोबा आणि कपाट एकमेकांत मिसळून एकच गडद ढीग झालेला असतो. बहुतेक अ‍ॅपमध्ये तीच फाइल दुसऱ्या खिडकीत छोटी करून उघडी ठेवता येते, नाहीतर नॅव्हिगेटर, म्हणजे अख्खं चित्र छोटं दाखवणारी चौकट, असतो. काम करताना नजर दर थोड्या वेळानं तिकडे गेली पाहिजे. कॅनव्हास आरशातल्यासारखा आडवा उलटवून बघणंही तसंच. सवयीनं डोळ्यांना न दिसणारा तिरकेपणा उलट्या चित्रात लगेच दिसतो.

आता रंग. इथे आपली साधनं एक घोटाळा करतात. कलर पिकरमध्ये शुद्ध पिवळा घ्या, मग शुद्ध निळा, आणि एचएसबीचे, म्हणजे रंगछटा, सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) आणि ब्राइटनेस यांचे, आकडे बघा. दोघांचाही ब्राइटनेस 100. आकड्यावरून वाटावं की दोन्ही सारखेच उजळ आहेत. डोळा म्हणतो, निळा कितीतरी गडद. डोळ्याचं खरं आहे. स्क्रीनवरच्या रंगाची उजळता काढायचं जे प्रमाण सूत्र आहे, त्यात हिरव्याचा वाटा सुमारे 72 टक्के, लालचा 21 आणि निळ्याचा जेमतेम 7. पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा मिळून, त्यामुळे तो 93 पर्यंत जातो आणि निळा 7 वरच राहतो. म्हणून चित्र करड्यात तपासताना सॅच्युरेशन शून्यावर आणू नका. अनेक अ‍ॅपमध्ये तसं केल्यावर पिवळा आणि निळा एकाच करड्यात उतरतात आणि तुमची दिशाभूल होते. त्याऐवजी सगळ्यात वर एक नवा लेयर घ्या, तो काळ्यानं भरा, ब्लेंड मोड (लेयर खालच्या चित्रात कसा मिसळायचा ते ठरवणारा पर्याय) 'कलर' करा. खालची उजळता जशीच्या तशी राहते, रंग तेवढा निघून जातो. तो लेयर चालू-बंद करत काम करा. मीराचा फ्रॉक गडद हिरवा आणि घड्याळाचा पट्टा तेवढ्याच उजळतेचा लाल असला, तर रंगात पट्टा उठून दिसेल आणि करड्यात फ्रॉकमध्ये विरघळून जाईल. सगळी गोष्ट त्या पट्ट्यावर उभी आहे. तो करड्यातही दिसलाच पाहिजे.

नजर कुठे जाते याबद्दल पुष्कळ समजुती आहेत. रस्त्याची कड, झाडाची फांदी, सगळ्या रेषा मुख्य पात्राकडे वळवल्या की काम झालं, असं शिकवलं जातं. उपयोग होतो, पण सांगतात तेवढा नाही. यार्बस नावाच्या सोव्हिएत शास्त्रज्ञानं माणसांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या होत्या; ते काम 1967 मध्ये इंग्रजीत आलं. त्यानं वापरलेल्या चित्रांपैकी एक रेपिन या रशियन चित्रकाराचं होतं: एक माणूस ध्यानीमनी नसताना घरी परतलाय आणि खोलीतले सगळे त्याच्याकडे बघताहेत. बघणाऱ्याला नुसतं बघायला सांगितलं तर नजर मुख्यतः चेहऱ्यांवर फिरली. 'हे घर किती सधन आहे?' असं विचारल्यावर तीच नजर कपड्यांवर आणि सामानावर गेली. वयं विचारली, तर पुन्हा चेहरे. म्हणजे चित्र बघणाऱ्याच्या मनात कोणता प्रश्न आहे, त्यावर नजर चालते. तो प्रश्न मनात घालणं आपल्या हातात आहे. मीराच्या चित्रात आजोबा शोधताहेत हे दिसताक्षणी 'काय शोधताहेत?' हा प्रश्न येतो आणि डोळे उत्तर धुंडाळू लागतात. त्यात चेहरे जवळपास नाहीतच, त्यामुळे नजर हातांकडे वळायला वाट मोकळी आहे. तिथे उजेड द्या, बाकी खोली मधल्या करड्यात राहू दे.

पुस्तकासाठी काढत असाल तर मजकुराशी जुळवून घ्यायचं म्हणजे मजकूर पुन्हा काढायचा नाही. 'मीरा अजिबात घाबरली नव्हती' असं वाक्य असेल, तर चित्रात तिनं दाराची चौकट घट्ट धरलेली असू दे. त्या दोहोंच्या फटीत मूल हसतं. चित्रपुस्तकं बहुधा 32 पानांची असतात, कारण छापताना पानं सोळाच्या पटीत दुमडली जातात. एवढ्याशा जागेत पानाचं उलटणं हे मोठं हत्यार आहे. उजव्या पानावर प्रश्न उभा करा, उत्तर पलीकडे. स्क्रीनवर पानं सुटी सुटी काढताना याचा विसर पडतो, म्हणून सगळी पानं छोटी करून एकाच कॅनव्हासवर ओळीनं लावून ठेवा.

निरीक्षणाचं स्केचबुक हवंच, त्यावर फार लिहीत नाही. एवढंच सांगेन की प्रत्येक रेखाटनाखाली एक क्रियापद लिहा: वाट बघतोय, लपवतेय, ऐकल्यासारखं करतोय. क्रियापद सुचलं नाही तर त्या माणसाकडे पुन्हा बघा. आवडत्या चित्रकाराचं चित्र अभ्यासतानाही रंगाची नक्कल करण्याआधी त्याचं तीन छटांतलं थंबनेल करा, आणि या क्षणाआधी काय झालं असेल ते दोन ओळींत लिहा.

शेवटची तपासणी माणसांकडून. थंबनेल दाखवा आणि 'कसं झालंय?' असं विचारू नका. त्यावर सगळे 'छान' म्हणतात. 'यात काय चाललंय?' असं विचारा आणि गप्प बसा, काही समजावून सांगू नका. मीराचं चित्र असं दाखवलं तर कुणीतरी म्हणू शकेल, 'तिनं घड्याळ चोरलंय.' हे ऐकून वाईट वाटून घेऊ नका, कारण पाठीशी लपवलेली मूठ तसं सांगतेच. आता दुरुस्ती शोधा. खांदे खाली आणि पाय जमिनीला घट्ट टेकलेले असतील तर ती लपवाछपवी दिसते. टाचा उचला, एक पाय दुसऱ्यावर घासू द्या, मान आजोबांच्या दिशेनं जरा पुढे काढा, गाल आणखी वर घ्या. घड्याळ मुठीत आवळलेलं होतं, ते दोन बोटांत अलगद धरा. सावलीतून खिडकीच्या उजेडात आणा. आणि मग दुसऱ्या कुणाला तरी दाखवा, पहिल्याच माणसाला नको, त्याला आता गोष्ट ठाऊक झालेली असते. 'ती आजोबांची गंमत करतेय' असं ऐकू आलं, की रेषांचा लेयर उघडायला हरकत नाही.